माळ्यावरच्या खोलीतले चौदा दिवे

मी दिव्यांचं आणि वायरिंगचं काम करतो, पण या घरातून मला बोलावणं आलं ते गळतीसाठी. "छत गळतंय आणि पाणी लाइटमध्ये उतरतंय. शॉक लागेल की काय अशी धास्ती वाटते, एकदा बघून जा दादा," ताई फोनवर म्हणाल्या. त्याआधी छप्परवाला दोनदा येऊन गेला होता. पहिल्या वेळी त्याने फुटकी कौलं बदलली, दुसऱ्या वेळी चांगली होती तीही बदलली. दिव्यांभोवतीचे तपकिरी डाग मात्र हटले नाहीत. गेल्या थंडीत उमटले, मधल्या काळात सुकले आणि या थंडीत पुन्हा आले. शिवाय चौदा दिव्यांपैकी तीन बंद पडले होते आणि दोन लुकलुकत होते. दिवे बसवून दीड वर्षही झालं नव्हतं.

पोटमाळा मोकळा करून तिथे मुलीसाठी अभ्यासाची आणि झोपायची खोली केली होती. लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.६ मीटर. मधोमध १.४ मीटर रुंदीचा सपाट पट्टा, जमिनीपासून २.३ मीटर उंचीवर. तिथून छत दोन्ही बाजूंना उतरतं आणि १.३ मीटर उंचीच्या बुटक्या भिंतींवर टेकतं. उतार ४२ अंशांच्या आसपास. आतून जिप्सम बोर्ड, त्यामागे बाष्प अडवणारा प्लास्टिकचा पडदा, मग वाशांच्या मधल्या गाळ्यांत १०० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर. वासे १५० मिलिमीटर खोलीचे होते. म्हणजे रॉकवूल आणि छपराखालचा जलरोधक कागद यांच्यामध्ये ५० मिलिमीटरची फट राहत होती. ही फट मुद्दाम सोडलेली असते. वळचणीतून आत आलेली हवा तिच्यातून वर चढते आणि आढ्याजवळ बाहेर पडते. छपराच्या पोटातली ओल वाळते ती या हवेमुळे.

दिवे सपाट पट्ट्यात सहा आणि दोन्ही उतारांवर चार-चार होते. सगळे एकाच जातीचे: ९ वॉटचे गोल एलईडी डाउनलाइट, छतातल्या ९० मिलिमीटरच्या भोकात बसणारे, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणारा छोटा डबा) वेगळा. दोरी मारून एका रेषेत लावलेले. काम दिसायला अगदी नीटस होतं, हे आवर्जून सांगतो. बसवणारा हलगर्जी नव्हता. खालच्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये जसं करतात तसंच त्याने वर केलं, आणि घोळ झाला तो तिथेच. खाली बोर्डाच्या मागे वीतभर मोकळी जागा असते, दिव्याची पाठ त्या हवेत निवते. माळ्यावर बोर्डाच्या मागे लगेच रॉकवूल, त्याच्यामागे लगेच छप्पर. भोक एकसारखं दिसतं, पण ते उघडतं वेगळ्याच ठिकाणी.

डाग कधी वाढतो, असं विचारल्यावर मोठ्या माणसांकडून नेमकं उत्तर मिळेना. उत्तर मुलीने दिलं. "काका, जोरात पाऊस असतो ना, तेव्हा काहीच होत नाही. कडक थंडी पडली की सकाळी थेंब येतो. त्या तिथून." बोट पलंगावरच्या उतारातल्या तिसऱ्या दिव्याकडे. रोज त्याच्याखाली झोपणाऱ्याला जे दिसलं होतं, ते दोनदा कौलं बदलणाऱ्याने विचारलंच नव्हतं.

पावसात कोरडं आणि थंडीत ओलं, म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हतं. ते खोलीतूनच वर जात होतं.

संध्याकाळी खोली ऊबदार असताना खिडक्या लावून घेतल्या आणि पेटती उदबत्ती एकेका दिव्याच्या कडेशी धरली. एरवी धूर छताला लागला की पसरतो. इथे तो कडेपाशी पोचताच बारीक दोरीसारखा ओढला जाऊन आत नाहीसा व्हायचा. चौदापैकी बारा दिव्यांपाशी हेच झालं. नवरा-बायको दोघंही मान वर करून बघत राहिली. एरवी जे समजावायला मला अर्धा तास लागला असता, ते त्या धुराने अर्ध्या मिनिटात दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी एमसीबी खाली केली, त्यावर चिकटपट्टी लावली, टेस्टरने फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही तपासले आणि पलंगावरचा तो तिसरा दिवा उतरवला. स्प्रिंगच्या पाकळ्या बोटांत धरून फिटिंग हळूहळू खाली ओढलं, तर त्यासोबत रॉकवूलचा एक गोळा आला. रॉकवूल मुळात पिवळट-करड्या रंगाचं असतं. हा गोळा काळा होता, आणि काळेपणा सगळीकडे सारखा नव्हता. भोकाच्या कडेला लागून बोटभर रुंदीची गर्द काळी कड, तिथून वर जाताना रंग फिका होत गेलेला. हा जळल्याचा काळेपणा नाही. महिनोन्‌महिने हवा त्यातून गाळली गेली की खोलीतली धूळ रॉकवूलमध्ये अडकते, आणि हवा कुठून कुठे गेली याची खूण मागे राहते. बोटाने चोळलं तर बोट काळं झालं. वरच्या बाजूला हात घातला तर गोळा ओला लागला, आणि कागदाच्या खालच्या अंगाला थेंब होते.

हिशोब असा मांडता येतो. खोलीत २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, १३ अंशांच्या आसपास येतो. पहाटे छपराचा कागद ५-६ अंशांवर आलेला असतो. खोलीतली हवा त्याला टेकली की पाणी सुटणारच. बोर्डातून बाष्प झिरपून वर जातं ते थोडं. भोकातून हवेबरोबर जातं ते त्याच्या कितीतरी पट. ९० मिलिमीटरच्या भोकात ८४ मिलिमीटर व्यासाचं फिटिंग, म्हणजे भोवताली ३ मिलिमीटरची कड मोकळी. एका भोकापाशी ही फट नगण्य वाटते. चौदा फटींचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर सुमारे ११५ चौरस सेंटिमीटर भरतं. तळहाताएवढी खिडकी छतात ठेवावी आणि ती वर्षभर कधी लावूच नये, असा तो प्रकार होता.

त्यात आणखी एक. फिटिंगला जागा व्हावी म्हणून रॉकवूल वर ढकललं होतं. ते थेट कागदाला भिडलं आणि त्या गाळ्यात ५० मिलिमीटरची हवेची वाट बुजली. वर गेलेली ओल वाळवणारी हवाच तिथे पोचत नव्हती.

बंद पडलेल्या दिव्यांचं कारण वेगळं होतं, पण ते त्याच भोकात सापडलं. एलईडी गरम होत नाही असा समज पक्का बसलेला आहे. पुढून हात लावला तर ते खरंही वाटतं. ५० वॉटच्या हॅलोजनच्या मानाने त्याची उष्णता फार कमी असते, यातही खोटं काही नाही. पण जी असते ती उजेडाबरोबर पुढे येत नाही, पाठीकडच्या ॲल्युमिनियमच्या पंखांतून बाहेर पडते. पाठीवर रॉकवूल दाबून बसवलं म्हणजे तिला जायला जागा उरत नाही. इथे तर ड्रायव्हरही फिटिंगच्याच डोक्यावर ठेवून वर रॉकवूल लोटलं होतं. चालू असलेल्या एका दिव्याच्या ड्रायव्हरला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार चिकटवली, सगळं होतं तसं झाकलं आणि तीन तास दिवा चालू ठेवला. ड्रायव्हरच्या लेबलवर टीसी अशा खुणेजवळ ७५ अंश लिहिलेलं होतं. त्या ठिकाणी कवचाचं तापमान याच्यावर जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. मीटरवर ८८ दिसले. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. १३ अंश जास्त म्हणजे आयुष्य निम्म्याहूनही खाली. बंद पडलेला एक ड्रायव्हर फोडून बघितला. कपॅसिटरचं टोपण फुगलेलं होतं आणि पांढरं प्लॅस्टिक बिस्किटाच्या रंगावर आलं होतं.

फिटिंगच्या खोक्याच्या तळाशी एक चित्र असतं. दिव्यावर नागमोडी थर आणि त्यावर फुली. हे फिटिंग उष्णतारोधक थराने झाकू नका, असं ते सांगतं. माळ्यावर एक रिकामं खोकं अजून पडलेलं होतं. चित्र त्यावर होतं.

वायरींमध्ये जे मिळालं त्याने मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झालो. एका गाळ्यात रॉकवूल कमी पडलं असावं, म्हणून थर्माकोलचे तुकडे कोंबले होते आणि वायर त्यांना चिकटून गेली होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, ते थर्माकोलच्या स्पर्शाने हळूहळू बाहेर पडतं. वायर सोडवली तेव्हा थर्माकोलमध्ये तिच्या आकाराची चकचकीत खाच पडलेली होती. वायर वाकवली तर ताठ, काडीसारखी. अजून भेगा नव्हत्या, पण आणखी काही वर्षांनी कुणी सहज हलवली असती तर आवरण तडकलं असतं. जोडही डब्यात नव्हते. पिळून, टेप गुंडाळून रॉकवूलमध्ये सोडून दिलेले. विद्युतभार इतका थोडा होता की वायर तापण्याचा प्रश्न नव्हता. चौदा दिव्यांचे १२६ वॉट म्हणजे अर्ध्या ॲम्पियरच्या थोडं वर. पण याच गाळ्यातून उद्या हीटरची किंवा प्लगची वायर नेली तर गणित बदलतं. अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी उष्णतारोधक थरात पूर्ण गुरफटली, तर वायरची क्षमता निम्मी धरायची असते.

उजेडाचीही तक्रार होती

गळतीच्या चिंतेत ती मागे पडली होती, म्हणून मीच विचारलं. चौदा दिव्यांचा एकूण उजेड ११ हजार ल्युमेनपेक्षा जास्त, आणि खोली साडेएकोणीस चौरस मीटरची. उजेड भरपूर होता. तरी मुलगी टेबल लॅम्प लावून अभ्यास करायची आणि छतातले दिवे शक्यतो बंद ठेवायची. "डोळ्यात येतात," एवढंच ती म्हणाली.

कारण सरळ भूमितीत आहे. ४२ अंशांच्या उतारात स्थिर डाउनलाइट बसवला की त्याचा झोत ओळंब्यात पडत नाही, ४२ अंशांनी पुढे झुकतो आणि समोर बसलेल्याच्या तोंडावर येतो. फिरवता येणारी फिटिंग मिळतात, पण त्यांतली बरीच ३० अंशांपर्यंतच वळतात. म्हणजे १२ अंश शिल्लक राहतातच. शिवाय पूर्ण वळवलेल्या दिव्याचा निम्मा झोत भोकाच्या कडेवर अडतो. पलंगावर आडवं झालं की समोरच्या उताराचे चारही दिवे थेट डोळ्यांत. टेबल बुटक्या भिंतीला लावलेलं, सगळे प्रखर दिवे पाठीमागे, त्यामुळे वहीवर तिच्याच डोक्याची सावली.

म्हणून मी मांडलेला पहिला प्रस्ताव हा होता की उतारावर एकही दिवा नको. त्यावर घरमालक थोडे नाराज झाले. आठ दिव्यांचे पैसे गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते मला समजत होतं. त्यांनी विचारलं, भोकं आहेतच तर त्यातच चांगले दिवे बसवता येणार नाहीत का? प्रश्न रास्त होता. फिटिंगवर बसवायच्या टोप्या मिळतात. त्या रॉकवूलला दिव्यापासून दूर ठेवतात आणि हवाही अडवतात. वर ऐसपैस जागा असेल तर मी स्वतः त्या वापरतो. इथे टोपी ११० मिलिमीटर उंचीची आणि वासा १५० चा. वर उरणार ४० मिलिमीटर, आणि हवेच्या वाटेलाच ५० हवेत. टोपीच्या डोक्यावर रॉकवूलला तर जागाच नाही. प्रत्येक टोपीपाशी छपराला एक थंड खड्डा राहिला असता आणि पुढच्या थंडीत तिथेच पाणी सुटलं असतं. कागदावर वासा, रॉकवूल, टोपी असं काढून आकडे लिहून दाखवले, तेव्हा त्यांनीच पेन ठेवलं.

काय केलं

उतारांवरची आठही भोकं बंद करायची होती, आणि नुसतं झाकण लावून भागणार नव्हतं. वर ढकललेलं रॉकवूल ९० मिलिमीटरच्या भोकातून हात घालून सारखं होत नाही. म्हणून प्रत्येक भोकाभोवती ३०० मिलिमीटरचा चौकोन कापला, ओलं रॉकवूल काढून नवं भरलं, वरची ५० मिलिमीटरची फट गजाने चाचपून मोकळी झाल्याची खात्री केली, फाटलेला पडदा त्याच जातीच्या चिकटपट्टीने सांधला, मागे लाकडाच्या पट्ट्या देऊन बोर्डाचा तुकडा बसवला आणि वर जाळीपट्टी लावून लांबी (पुट्टी) भरली. थर्माकोल सगळा काढला. ताठ झालेली वायर पूर्ण लांबीने बदलली, तुकडा जोडून वेळ मारून नेली नाही.

सपाट पट्ट्यात दिवे ठेवायचे होते, पण पडदा पुन्हा फोडायचा नव्हता. जुनी सहा भोकं याच पद्धतीने बंद केली. मग जुन्या बोर्डाच्या खालून ४० मिलिमीटर जाडीच्या रिपा मारल्या आणि त्यांवर १२.५ मिलिमीटरचा नवा बोर्ड. दोन बोर्डांमध्ये ४० मिलिमीटरची पोकळी तयार झाली. वायरी, जोडांचे डबे, ड्रायव्हर, दिव्यांच्या पाठी सगळं त्या पोकळीत. पडदा, रॉकवूल आणि छप्पर तिच्या वर, कुणी न छेडलेलं. उंची सव्वापाच सेंटिमीटरने घटली, २.३ ची जवळपास सव्वादोन मीटर झाली. यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पुठ्ठ्याचा तुकडा त्या उंचीवर धरून चालायला लावलं आणि मग होकार आला.

अशी पोकळी करताना रिपा कुठे आहेत हे नवा बोर्ड लागल्यावर कळत नाही, आणि दिव्याचं भोक नेमकं रिपेवर आलं की सगळी आखणी बिघडते. म्हणून क्रम उलटा ठेवला. आधी दिव्यांच्या जागा जमिनीवर खडूने काढल्या, ओळंब्याने त्या वर नेल्या, आणि रिपा त्या जागा चुकवून मारल्या. बोर्ड चढवण्याआधी टेप पसरून प्रत्येक गाळ्याचे फोटो घेतले.

जागा ठरवताना समान अंतराचं जाळं आखलं नाही. खोलीत माणूस कुठे काय करतो, तेवढंच धरलं. जिना वर येतो तिथे पायरीची कड दिसायला हवी, तिथे एक. कपाटाच्या दारांपासून ६० सेंटिमीटर अलीकडे दोन, म्हणजे दार उघडल्यावर उजेड आतल्या कप्प्यांत पडतो आणि उभ्या माणसाची सावली कपड्यांवर येत नाही. पुस्तकांच्या मांडणीसमोर एक. मधल्या मोकळ्या जागेत दोन. पलंगाच्या वर एकही नाही. एकूण सहा. प्रत्येकी ६ वॉट, फिटिंगची खोली ३० मिलिमीटर, ड्रायव्हरची उंची २२ मिलिमीटर, मागे रबराची कडी असलेलं फिटिंग, म्हणजे कड बोर्डाला घट्ट बसते. उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर; रंगदर्शकता, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक, ९० च्या वर. झोताचा कोन ६० अंश घेतला. सव्वादोन मीटर उंचीवरून या कोनाचा झोत जमिनीवर सुमारे २.६ मीटर व्यासाचा पसरतो. ३६ अंशांचा घेतला असता तर दीड मीटरच्या आतच संपला असता आणि जमिनीवर ठिपके दिसले असते. बुटक्या छताला अरुंद झोत मी टाळतोच.

भोकं पाडायच्या आधी प्रत्येक खुणेवर बारीक ड्रिलने छिद्र केलं, त्यातून काटकोनात वाकवलेली तार घातली आणि गोल फिरवली. तार कुठेच अडली नाही तरच होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावला. फोटो होते, मापं होती, तरी हे केलं. सहापैकी एका ठिकाणी तार अडली. जोडाचा एक डबा ४ सेंटिमीटर सरकलेला होता. ड्रायव्हर भोकातून बाहेर काढता येतो ना, हे पहिलं फिटिंग बसवतानाच दोनदा करून पाहिलं. उद्या तो बिघडला तर बोर्ड कापायला लागता कामा नये.

उतारांसाठी बुटक्या भिंतींच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या खोबणीत २४ व्होल्टची एलईडी पट्टी लावली. तिचा उजेड वर उतारावर पडतो आणि तिथून मऊ होऊन खोलीत परततो. पट्टी कुठूनच थेट दिसत नाही. टेबलावर भिंतीचा दिवा, वाचणाऱ्याच्या डाव्या अंगाला, कारण मुलगी उजव्या हाताने लिहिते. वहीवर पडणारा उजेड ५२० लक्स मोजला. लिहिण्या-वाचण्यासाठी ५०० पुरतात.

दोन ठिकाणी अडलं

पहिली अडचण डिमरची. जुनाच डिमर ठेवला होता आणि त्याला किमान ६० वॉटचा भार लागत होता. जुने १२६ वॉट त्याला पुरत होते, नवे ३६ पुरेनात. उजेड कमी केला की दिवे थरथरायचे. ट्रेलिंग एज जातीचा, कमी भारावर चालणारा डिमर बसवल्यावर ते थांबलं. पण रात्री बंद केल्यावरही दोन दिवे अगदी मंद तेवत राहायचे. असं दिसलं की सर्वांत आधी स्विच फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, ते बघायचं. न्यूट्रलमध्ये असेल तर बंद दिव्यातही फेज खेळत राहते आणि ते धोक्याचं आहे. इथे स्विच बरोबर होता. जिन्याच्या खाली आणि वर असे टू-वे स्विच होते, त्यांच्या वायरी बरंच अंतर एकमेकींना चिकटून जात होत्या आणि शेजारच्या चालू वायरीमुळे बंद वायरीत विजेचा बारीकसा दाब उमटत होता. एलईडीला तेवढा पुरतो. पहिल्या फिटिंगपाशी स्नबर, म्हणजे असा भटका दाब जिरवणारा छोटा भाग, जोडला आणि रात्री पुन्हा जाऊन बघितलं. पूर्ण अंधार.

दुसरी अडचण माझ्या आखणीतली. उतारावरचे आठ चौकोन दिवसा हाताला लागत नव्हते, इतकी चांगली लांबी झाली होती. रात्री पट्टी लावली आणि आठच्या आठ चौकोन उठून दिसले. उताराला घासून जाणारा उजेड केसाएवढ्या उंचवट्याचीही सावली पाडतो. हे मला माहीत होतं आणि रंगकाम सुरू होण्याआधी मी ते सांगायला हवं होतं. दोन्ही उतार पूर्ण घासून त्यांवर पातळ लांबीचा एक सलग हात फिरवला, या वेळी पट्टी चालू ठेवून, आणि त्याचा खर्च मी घेतला. पट्टीची खोबणी उतारापासून ८ सेंटिमीटर पुढेही सरकवली. आता खूप निरखून पाहिलं तर एक चौकोन जाणवतो, पलंगावरच्या तिसऱ्या दिव्याच्या जागचा.

काम संपत आलं तेव्हा मालकांनी विचारलं, काढलेल्यांपैकी चालू असलेले दिवे खालच्या खोलीच्या छतात बसवू या का? मी नाही म्हणालो. खालच्या खोलीचं छत म्हणजेच माळ्याची जमीन, आणि आता त्या जमिनीवर रात्री माणूस झोपतो. खाली आग लागली तर वरच्याला जिन्याने उतरायला जो वेळ मिळतो, तो हे अखंड छत देतं. साधी भोकं पाडली की ज्वाळा आणि धूर तिथूनच वर चढतात. तिथे दिवे हवेच असतील तर आगरोधक फिटिंगच घ्यावं. त्यात उष्णतेने फुगणारं द्रव्य असतं, ते भोक बुजवतं. तेही त्या छताच्या रचनेसाठी तपासलेलं हवं. तो विचार त्यांनी तूर्त सोडला. जुने दिवे बाहेरच्या पडवीत, उघड्यावर लावले. तिथे त्यांच्या पाठीला मोकळी हवा आहे.

पुढच्या थंडीत, पहाटे चांगलीच थंडी असलेल्या दिवशी, मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो. उतार कोरडे होते. नव्या दिव्याची कड आणि बोर्ड यांच्यापाशी उदबत्ती धरली तर धूर छताला लागून पसरला. पुस्तकांसमोरचा दिवा उतरवून ड्रायव्हरचं तापमान घेतलं, तीन तास चालल्यावर ५४ अंश. पोकळीतला जुना बोर्ड हाताला कोरडा लागला. रिपा, डबे आणि ड्रायव्हर यांच्या जागांचा मापांसहित नकाशा स्विचबोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. मुलीने त्यावर प्रत्येक दिव्याला नाव दिलं आहे: जिना, कपाट एक, कपाट दोन, पुस्तकं, मधला, मधला दोन.